फ्रेमवाल्याची कावीळ

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद असा सगळा मुलूख जमेला धरला तरी माझ्या साडूंइतके फोटो काढलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. आणि इतके फोटो काढूनही ज्याच्याकडे स्वतःच्या बायकोचा एक धड फोटो नाही, असाही दुसरा सापडायचा नाही. बायको म्हणजे माझ्या हिची थोरली बहीण, आमच्या ताई. त्यांचा फोटो नाही असं म्हणणं तसं अन्यायाचं होईल. त्यांच्या कणीक माखलेल्या हातांचा आहे, त्यांच्या चष्म्याचा आहे, त्या बसून उठल्यावर खुर्चीच्या उशीला पडलेल्या खळग्याचासुद्धा आहे. पासपोर्टच्या वेळी मात्र ताईंना बाजारात जाऊन पैसे मोजून फोटो काढून घ्यावा लागला. "घरात आचारी आणि जेवायला ढाब्यावर," एवढंच त्या म्हणाल्या.

साडूभाऊ नोकरीने सरकारी. फाइलींवर शेरे मारण्यात त्यांची हयात गेली आणि मुक्काम सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. निवृत्तीनंतर नोएडाच्या कुठल्याशा सेक्टरात भाड्याने राहायला गेले. हे फोटोचं वेड कधी लागलं ते त्यांनाही आठवत नाही. अंगात बारा महिने एकच जाकीट, त्याला मोजता येणार नाहीत इतके खिसे, आणि कुठल्या खिशात काय आहे याचा पत्ता जाकिटालासुद्धा नाही. एकदा इंडिया गेटजवळ सूर्य अगदी बुडायला आलेला असताना यांनी घाईघाईने लेन्स काढायला खिशात हात घातला आणि बेसनाचा लाडू बाहेर आला. दुसऱ्या खिशात हात घातला, तिथे दुसरा लाडू. तोवर सूर्य गेला. "जाऊ दे," म्हणाले, "तो उद्या परत येतो. लाडू तुमच्या ताईंनी मोजून दिलेत." आणि आम्ही दोघांनी तिथेच बसून ते संपवले.

उजेड या विषयावर त्यांची मतं ठाम होती आणि ती ऐकणाऱ्याला भूक लागेपर्यंत चालायची. दिल्लीतलं डिसेंबरचं धुकं म्हणजे उजेड मऊ करायला देवाने फुकट वाटलेला बटर पेपर. नोएडाचा उजेड चौकोनी, कारण तो काचेच्या इमारतींवरून कापून येतो. सरोजिनी नगरचा उजेड रंगीत, कारण तो बाजारातल्या टांगलेल्या कपड्यांतून गाळून येतो. "आणि आमच्या फरीदाबादचा?" मी एकदा विचारलं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघून बराच विचार केला. "तुमचा उजेड ड्यूटी करून आल्यासारखा वाटतो. दमलेला आहे, पण प्रामाणिक आहे." मी एका स्प्रिंगांच्या कारखान्यात नोकरी करतो. ही मला उद्देशून म्हणाली, "घ्या, तुमचाच फोटो काढला त्यांनी."

लग्नकार्यात तर या माणसाला बोलवावं की न बोलवावं असा यजमानांना प्रश्न पडायचा. भाचीच्या लग्नात भाड्याचा फोटोग्राफर ऐनवेळी ट्रॅफिकमध्ये अडकला, म्हणून सगळ्यांनी यांना हाताला धरून पुढे केलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या. नंतर पाहतात तो फोटो फक्त अंतरपाटाचे. नुसतं पांढरं कापड, त्याच्यावर दोन्ही बाजूंच्या दिव्यांनी पडलेल्या दोन सावल्या. भाचीची आई रडकुंडीला आली. "अगं, नवरा-नवरी उद्याही दिसणार आहेत," साडूभाऊंनी तिची समजूत घातली, "हा अंतरपाट पुन्हा कुठे दिसणार?" आज तो फोटो भाचीच्या घरात सगळ्यात मोठा करून लावलेला आहे म्हणतात. तिच्या आईला मात्र अजून पटलेलं नाही.

चेहऱ्यांचा फोटो काढायची अगदी वेळच आली, तर त्यांची एक रीत होती. सगळ्यांना नीट उभं करायचं, उंच माणसं मागे, मुलं पुढे, पदर सारखे, पोटं आत. मग बराच वेळ कॅमेऱ्यातून बघत राहायचं आणि शेवटी मोठ्याने म्हणायचं, "झालं!" लगेच सगळे सैल पडायचे. कोणी पोट सोडायचं, कोणी शेजारच्याच्या कानाला लागायचं, कोणी "चलो, जेवायला" म्हणायचं आणि नेमक्या त्या क्षणी साडूभाऊ खटका दाबायचे. "झालं म्हणण्याआधी माणूस फोटोत उभा असतो," ते म्हणत, "झालं म्हटल्यावर घरात येतो." ही चलाखी हळूहळू सगळ्या नात्यात माहीत झाली. मग "झालं" म्हटल्यावरही आमची सगळी मंडळी श्वास कोंडून ताठ. त्यामुळे पुढे त्यांना दोनदा, तीनदा "झालं" म्हणावं लागे. मी मात्र शेवटपर्यंत त्यांच्या हाती लागलो नाही. मी जात्याच आवळलेला माणूस. माझ्या तोंडातून शब्द काढायला पाना लागतो, असं ही म्हणते. माझा प्रत्येक फोटो निवडणुकीच्या ओळखपत्रासारखा यायचा. साडूभाऊ कॅमेरा खाली घेऊन सुस्कारा टाकत, "तुमचं कधी होणार हो झालं?"

एकदा पहाटेच्या धुक्यात ते कँटोन्मेंटच्या बाजूला कुठल्याशा कुंपणाच्या काटेरी तारेचे फोटो काढताना पकडले गेले. जवानाने दरडावून विचारलं, "क्या कर रहे हो?" यांनी आमच्या सगळ्यांच्या हिंदीपेक्षाही वाईट अशा त्यांच्या हिंदीत सांगितलं, "तार के ऊपर थेंब लटकलेला है." जवान क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही गावाकडचे काय?" पोरगा साताऱ्याकडचा निघाला. त्याने यांना आधी तिथे कॅमेरा काढल्याबद्दल रीतसर बोलून घेतलं, फोटो पुसायला लावले, आणि मग चहा पाजला. यांना फोटो गेल्याचं दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. "पुसायच्या आधी त्याने सगळे फोटो बघितले. एकेक करून. आपल्या नात्यात इतक्या नीट कोणी बघितलेत?"

हा टोला आम्हाला सगळ्यांना होता आणि तो वाजवी होता. कारण साडूभाऊ फोटो नुसते काढत नसत, ते वाटत असत. आमच्या मराठी मंडळातल्या कुणाची वास्तुशांत असो, मुंज असो, साठी असो, लोक चांदीच्या वाट्या नि भिंतीवरची घड्याळं घेऊन यायचे आणि साडूभाऊ काखेत तीन फूट रुंद फ्रेम घेऊन. द्वारकेच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी चपलांच्या ढिगाचा फोटो दिला, गुरुग्रामच्या सीएंना बंद शटरचा. आणि आमच्या वास्तुशांतीला दिला तो कूलरचा. सरोजिनी नगरच्या क्वार्टरच्या खिडकीतला गंजका कूलर, त्याच्या कडेवर वाळत घातलेला एकच पायमोजा. नाव, 'मे महिना'. पाहुणे गेल्यावर ही त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वास्तुशांतीला कूलर! बरं, दिला तर दिला, हवा तरी आली असती!"

तर तो फोटो आम्ही, सगळी मराठी माणसं अशा वेळी करतात तसं, दिवाणाच्या पोटात ठेवला आणि साडूभाऊ येणार असले की काढून हॉलमध्ये टांगायचा असं ठरवलं. खिळा कायम, फोटो पाहुणा. साडूभाऊ आले की त्यांची एक खोड होती; कुणाच्याही घरी गेले तरी आपल्या फोटोजवळ जाऊन फ्रेम हाताने सरळ करायचे. मुळात सरळ असली तरी. जरा पुढे ओढायचे, मागे डोकवायचे, पुन्हा सोडायचे. आम्हाला वाटे, आईला मुलाचा भांग सारखा करायची सवय असते तसं असेल.

आता मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं, आणि इथेच आजवर माझी बोलती बंद होत आली आहे. मध्यंतरी आमच्या कारखान्यात काम थांबलं आणि मी काही महिने घरी बसलो. घरी बसलेल्या माणसाला भेटायला लोक येत नाहीत. काय बोलायचं हा प्रश्न असतो. फरीदाबादला तर एरवीही कामाशिवाय कोणी फिरकत नाही. साडूभाऊ मात्र दर रविवारी नोएडाहून मेट्रो बदलत बदलत यायचे. नोकरीबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. बाल्कनीत बसून ते समोरच्या पाण्याच्या टाकीवरच्या कबुतरांचे फोटो काढायचे, मी शेजारी गप्प बसायचो, दुपारी जेवून जायचे. त्या दिवसांत मी सकाळी दाढी करायचो ती फक्त रविवारी. आणि अशा माणसाने दिलेला फोटो, नोकरी पुन्हा सुरू झाल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत, मी जिन्याखालच्या भंगारात नेऊन ठेवला. हिने नाही. मी. ही फक्त म्हणाली होती, "दिवाणात गाद्यांना जागा पुरत नाही." फ्रेम घेऊन खाली मी उतरलो, आणि उतरताना कुणी बघत नाही ना हे वळून पाहिलंही.

पुढच्याच रविवारी साडूभाऊ आले. रिकाम्या खिळ्याकडे त्यांची नजर जाताच माझ्यासारख्या मुखदुर्बळ माणसाच्या तोंडून धाडकन निघून गेलं, "काच फुटली. फ्रेमवाल्याकडे दिलाय." "हो का? बरं बरं," ते म्हणाले. महिन्याभराने त्यांनी विचारलं, "फ्रेमवाला काय म्हणतो?" मी म्हटलं, "त्याला कावीळ झालीय." ही स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघतच राहिली. झालं, त्या दिवसापासून आमच्या घरी एक फ्रेमवाला नांदायला लागला. साडूभाऊ आले की जाकीट काढायच्या आधी त्याची चौकशी. "कावीळ उतरली का? उसाचा रस द्या म्हणावं." उतरली म्हणावं तर फोटो परत आणावा लागणार, म्हणून मी त्याच्या मुलीचं लग्न काढलं. लग्न झाल्यावर त्याला गावी पाठवलं. गावी त्याच्या म्हशीला काहीतरी झालं. माझी मुलगी, जी साडूभाऊंना मौसाजी म्हणावं की काका या घोळात 'मौसाजीकाका' म्हणते, ती एकदा म्हणाली, "बाबा, यार, त्या अंकलना आता बरं होऊ द्या ना." साडूभाऊ मात्र दर वेळी तितक्याच कळकळीने मान हलवायचे. "सावकाश करू दे. आजारी माणसाकडून घाईने काम करून घेऊ नये."

आणि अशात ताईंनी जाहीर केलं की आता पुरे झाली दिल्ली, गुडघे दुखतात, आम्ही नाशिकला मुलाजवळ जाणार. पाठोपाठ साडूभाऊंचा फोन. जायच्या आधी मंडळाच्या हॉलमध्ये आपल्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं त्यांनी ठरवलं होतं. नवे फोटो लावायचे नाहीत, ज्यांना ज्यांना दिले त्यांच्याकडून दोन दिवस उसने घ्यायचे. "तुमचा 'मे महिना' पाहिजे हं. फ्रेमवाला गावाहून आला का?"

त्या आठवड्यात या शहराच्या चारही दिशांना मराठी घरांत जी धावपळ झाली ती पाहण्यासारखी होती. तेव्हा मला कळलं की आमच्या खिळ्याला भावंडं घरोघर आहेत. डॉक्टरीणबाईंचा चपलांचा फोटो माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांखाली निघाला आणि त्यावर तेलाचं असं गोल वर्तुळ होतं की तो सूर्यास्तच वाटावा. सीएंना त्यांचं शटर सापडेचना. शेवटी ते त्यांच्या मोलकरणीने ड्रायव्हरला दिलेलं निघालं आणि गाडी थेट बदरपूरला त्याच्या घरी गेली. बायका एकमेकींना फोन करत होत्या. "अगं, तुमच्याकडे काय आहे?" "आमच्याकडे बादली. तुमच्याकडे?" "आमच्याकडे बहुतेक दोरी आहे, पण बुरशी आलीय. कळेल का गं त्यांना?"

मी मुकाट्याने खाली उतरलो आणि गेटवरच्या गार्डला गाठलं. आमची गाडी स्टिकरवर सरळ आत जाते, त्यामुळे गार्डच्या खोलीत पाऊल टाकायची आम्हा राहणाऱ्यांवर कधी वेळच येत नाही. तिथे जायचं ते बाहेरच्या पाहुण्यांनी, वहीत नाव लिहायला. मी दारातच उभं राहून विचारलं, दिवाळीच्या आधी जिन्याखाली एक फोटो ठेवला होता, तो कबाड्याने नेला का.

"कौन सा फोटो, साहब?"

"कूलर का था."

"अरे, कूलर! कूलर तो यहीं लगा है."

तो बाजूला झाला. आत, पाहुणे जिथे वाकून सही करतात त्या टेबलाच्या बरोबर वर, भिंतीला पडलेलं एक भगदाड झाकून 'मे महिना' लटकत होता. गंजका कूलर, एक पायमोजा. काच शाबूत. खोलीत पंखासुद्धा धड नव्हता. "गर्मी में इसको देख लेते हैं, साहब, तो थोड़ा अच्छा लगता है," गार्ड म्हणाला.

माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला. इतके रविवार साडूभाऊ याच टेबलाशी वाकून, याच फोटोखाली आपलं नाव लिहून वर आले होते. आणि वर येऊन, जाकीट काढायच्या आधी, फ्रेमवाल्याच्या काविळीची चौकशी करत होते. मी कसंबसं म्हटलं, "भैया, ये मुझे वापस चाहिए."

गार्ड ओशाळला, पण हलला नाही. "साहब, वो जाकीटवाले अंकलजी बोल के गए हैं, ये अब तुम्हारा है, कोई भी माँगने आए तो देना नहीं." आणि जरा थांबून, "आप भी."

प्रदर्शनाला आम्ही रिकाम्या हातांनी गेलो. हॉलमध्ये प्रत्येक कुटुंब आपापल्या फोटोजवळ, लेकराच्या शाळेच्या संमेलनात उभं राहावं तसं उभं होतं. "आमच्याकडे दारातून आत आलं की समोरच दिसतो," डॉक्टरीणबाई तेलाच्या वर्तुळावर पदर धरून सांगत होत्या. सीए शटरपुढे हात बांधून मुलाखत दिल्यासारखे उभे. आमच्या फोटोची जागा शोधत मी कोपऱ्यापर्यंत गेलो. जागा रिकामी नव्हती. तिथे एक नवीनच फोटो होता. गार्डची खोली, टेबल, उघडी वही, वहीवर गार्डचा हात, आणि भिंतीवर, फोटोतल्या फोटोत, आमचा कूलर. खाली चिठ्ठी, 'मे महिना, सध्याच्या पत्त्यावर'. लोक बघत होते आणि पुढे जात होते. हिने माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला आणि चहाच्या टेबलाकडे निघून गेली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या चिमट्याइतकं बोललेली मला ती आठवत नाही.

साडूभाऊ खिडकीशी एकटे होते, गळ्यात कॅमेरा, हातात चहा. ते जवळ राहात होते तोवर उद्या सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत निभावलं होतं. आता पुढचे रविवार उरले नव्हते.

"साडूभाऊ," मी म्हटलं, "तो फ्रेमवाला नाहीये."

"वारला?"

"नव्हताच."

"अरेरे! म्हणजे कावीळ?"

"तीही नव्हती."

"आणि मुलीचं लग्न? अहो, मी आहेर काढून ठेवला होता!"

"साडूभाऊ, चेष्टा नको," मी म्हटलं, आणि मग जे सुरू झालो ते थांबेचना. मीच नेऊन ठेवला, हिने नाही. आवडत नव्हता असंही नाही, मी त्याच्याकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. तुम्ही त्या दिवसांत माझ्याकडे येत होता, काही विचारत नव्हता, ते मला तेव्हाही कळत होतं आणि मी कधी बोललो नाही. आणि जे सांगायला हवं ते सोडून मी काविळीचं सांगत बसलो. ते कपातल्या चहाकडे बघत ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी कप खिडकीत ठेवला.

"एक सांगू? मी सगळ्यांच्या घरी फ्रेम सरळ करतो ना, ती मागची भिंत बघायला. फोटो कायम असला की त्याच्यामागे रंग नवा राहतो. चौकोन पडतो. इतकी वर्षं बघतोय, मी भेट दिलेल्या फोटोमागे कुणाच्याही भिंतीवर चौकोन नाही. तुमच्याही नव्हता." मग हसले. "तुम्ही खाली टाकलात म्हणून तरी माझा एक फोटो असा झाला, की जो मी येणार म्हणून लावलेला नसतो. गार्डच्या भिंतीवर चौकोन आहे. मी बघितला. तुमच्यामुळे पडला तो."

मी खिडकीच्या कट्ट्याला टेकलो.

"संपलं सांगून?" त्यांनी विचारलं.

मी आयुष्यात पहिल्यांदाच छाती रिकामी होईपर्यंत श्वास सोडला. "झालं," मी म्हटलं.

आणि खटका वाजला.

ते दोघं नाशिकला जाऊन आता वर्ष होत आलं. गेल्यावर थोड्याच दिवसांत कुरिअरने एक फ्रेम आली. नाव वगैरे काही नाही. खिडकीचा उजेड, कडेला चहाचा कप आणि मध्ये मी. डोळे ओले, तोंड अर्धवट उघडं, पोट सुटलेलं. हिने बराच वेळ बघितलं. "अय्या, तुम्ही असे दिसता?" म्हणाली, आणि स्वतःच जाऊन रिकाम्या खिळ्यावर टांगला. तिथून तो उतरवलेला नाही. दिवाळीतही नाही. फोनवर साडूभाऊ मधूनमधून विचारतात, "फ्रेमवाला बरा आहे ना?" मी म्हणतो, "ठणठणीत आहे. तुम्हाला फार विचारतो." मग थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोलत नाही. मला ते जमतं आणि त्यांना ते चालतं.

परवा सकाळी सहज म्हणून मी ती फ्रेम हाताने सरळ केली. मुळात सरळच होती. जरा पुढे ओढून मागे डोकावलो. फरीदाबादच्या धुळीला फार दिवस लागत नाहीत. भिंतीवर एक चौकोन, अगदी पुसट, दिसायला लागलाय. आता तो बघायला त्यांनी कधीतरी यायला हवं. आधी फोन न करता आले तरी चालेल.